नियम, मायेची माणसे आणि कथेतील तरुणी

‘सांस्कृतिक परंपरा तरुण स्त्रियांच्या मनात संघर्ष कसा निर्माण करतात, हे मला साहित्यकृतींच्या आधारे दाखवायचे आहे; परंतु तीन वेगवेगळ्या भाषांतील तीन कादंबऱ्यांवर तीन प्रकरणे लिहून झाल्यावर ती एकमेकांची नक्कल वाटू लागली आहेत, असे का व्हावे?’ असा प्रश्न एका संशोधक विद्यार्थिनीने मला विचारला आहे. सोबत पाठवलेल्या आराखड्यात प्रत्येक प्रकरणाचा प्रवास सारखाच आहे. आरंभी परंपरेचा जाच येतो, मग नायिकेची घुसमट येते आणि शेवटी तिचे बंड किंवा तिचा नाश येतो. पदव्युत्तर वर्गांना साहित्य शिकवताना आणि शोधप्रबंध तपासताना हा साचा माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे, की त्याचे मूळ विद्यार्थ्यांच्या आळसात नसून प्रश्नाच्या मांडणीत आहे, असे माझे मत बनले आहे.

‘परंपरा संघर्ष निर्माण करते’ असे म्हटले, की परंपरा एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये भिंत, असे चित्र आपोआप उभे राहते. ते खरे असते तर त्यातून अन्यायाची कथा झाली असती, अंतर्द्वंद्वाची झाली नसती. कारण बाहेरून लादलेल्या गोष्टीचा माणूस द्वेष करतो, तिच्याशी मनातल्या मनात वाद घालत बसत नाही. ज्या कृती आपण पुन्हा पुन्हा वाचतो, त्यांत परंपरेचा मोठा हिस्सा त्या मुलीच्या आत असतो. तिने तो आवडत्या माणसांकडून घेतलेला असतो, तिचा स्वाभिमान त्यावर उभा असतो आणि तो टाकायचा म्हणजे स्वतःचाच काही भाग टाकायचा, हे तिला ठाऊक असते. म्हणून प्रश्न थोडा फिरवून विचारावा, अशी माझी सूचना आहे: या मुलीला एकाच वेळी कोणत्या दोन गोष्टी हव्या आहेत, आणि त्या दोन्ही एकत्र मिळू नयेत, अशी व्यवस्था कोणी व का केली आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ‘परंपरा’ हा व्यापक शब्द काही काळ बाजूला ठेवून नेमका नियम शोधावा लागतो. लॉरा एस्किव्हेल यांची ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ ही 1989 मधील मेक्सिकन कादंबरी या दृष्टीने अभ्यासाला फार सोयीची आहे, कारण तिच्यात नियम एका वाक्यात सांगता येतो. घरातील धाकट्या मुलीने लग्न करायचे नाही आणि आईच्या मरणापर्यंत तिची सेवा करायची, हा तो नियम. तीता ही धाकटी. पेद्रो मागणी घालणार, हे कळताच आई, म्हणजे मामा एलेना, तिला हा नियम ऐकवते आणि पेद्रोला थोरली मुलगी रोसाउरा देऊ करते. तीता मान खाली घालते. पण तिच्या मनात जे प्रश्न उमटतात, ते एखाद्या वकिलाला शोभावेत असे आहेत. आईची सेवा करण्यात आयुष्य गेल्यावर म्हातारपणी आपली सेवा कोण करणार? ज्या बायका लग्न करतात, पण ज्यांना मुले होत नाहीत, त्यांचे काय? धाकटीच सेवेला अधिक योग्य असते, हे कोणी तपासून पाहिले आहे काय? तीता येथे परंपरा नाकारत नसून तिचा हिशेब मागत आहे. सेवा करण्याला तिचा विरोध नाही, नियमाच्या तर्काला आहे, आणि तो तर्क कोठेच नाही, हे कळल्यावरही ती वर्षानुवर्षे त्या घरात राहते. या राहण्याचा अर्थ लावणे हे समीक्षकाचे खरे काम आहे.

पुढे आई वारल्यावर तीताला जुनी पत्रे सापडतात आणि आईचेही एका पुरुषावर प्रेम होते, ते तिच्या घरच्यांनी मोडून काढले होते, हे तिला कळते. जिने स्वतः सोसले तीच नियमाची सर्वांत कठोर राखणदार झाली, हा तपशील अनेक प्रबंधांत ‘स्त्रीच स्त्रीची शत्रू’ अशा ठोकळेबाज वाक्यात संपवला जातो. मला हे वाक्य आळशीपणाचे वाटते. ज्या नियमासाठी आपण आपले सर्वस्व दिले, तो नियमच निरर्थक होता, असे मान्य करणे म्हणजे आपले आयुष्य फुकट गेले, असे मान्य करणे होय. एलेनाला ते परवडणारे नाही. त्याहूनही सूचक म्हणजे मेलेली आई भूत होऊन परत येते आणि तीताला शिव्याशाप देते. नियम बजावणारी व्यक्ती निघून गेल्यावरही नियम बोलत राहतो, हे दाखवण्यासाठी लेखिकेने योजलेली ही क्लृप्ती साधी आणि प्रभावी आहे. पुढच्या पिढीत रोसाउरा आपल्या एकुलत्या एक मुलीला, एस्पेरान्साला, तोच नियम लावू पाहते आणि तेव्हा तीता उघडपणे विरोधात उभी राहते. स्वतःसाठी जे जमले नाही, ते भाचीसाठी जमते; संघर्ष कोणासाठी लढला जातो, यावरही धैर्य अवलंबून असते, हे आपल्या दुसऱ्या प्रकरणात नोंदवण्यासारखे आहे.

याच नियमाचे लिखित नसलेले रूप मराठीत 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहाने समोर आणले. मिळवत्या मुलीच्या पगारावर वडिलांचे कुटुंब चालू लागले, की तिच्या लग्नाचा विषय हळूहळू मागे पडतो. तिला कोणी ‘तू लग्न करू नकोस’ असे सांगत नाही. उलट तिचे कौतुकच होते. मेक्सिकोतील आईचा नियम निदान ऐकू येतो, येथे तो कृतज्ञतेच्या भाषेत बोलतो, आणि कृतज्ञतेशी भांडायचे कसे, हा त्या मुलींपुढचा पेच अधिक अवघड आहे. लेखिका मालतीबाई बेडेकर यांना हे लिखाण ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने प्रसिद्ध करावे लागले आणि त्यावर मोठे वादळ उठले, ही गोष्ट माझ्या दृष्टीने केवळ चरित्रातील माहिती नाही. कथेतील मुलगी जे उघड बोलू शकत नव्हती, ते लिहिणारीलाही स्वतःच्या नावाने लिहिता येत नव्हते.

परंपरेचा हिस्सा मुलीच्या आत असतो, या विधानाचा सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत मोलाचा पुरावा न्गुगी वा थिओंगो यांच्या ‘द रिव्हर बिटवीन’ या 1965 मधील कादंबरीत आहे. केनियातील गिकुयू समाजात मुलींची सुंता हा स्त्रीत्वात प्रवेश करण्याचा विधी होता. ख्रिस्ती मिशनांनी तो सोडण्याची अट घातली आणि 1929 च्या सुमारास हा वाद इतका पेटला, की अनेक गिकुयू कुटुंबांनी मिशनची चर्च सोडून स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या. या पार्श्वभूमीवर जोशुआ नावाच्या कट्टर ख्रिस्ती धर्मोपदेशकाची मुलगी मुथोनी एके दिवशी बहिणीला सांगते, की आपल्याला सुंता करून घ्यायची आहे. ती येशूला सोडत नाही. तिला ख्रिस्ती राहायचे आहे आणि आपल्या लोकांच्या रीतीने पूर्ण स्त्रीही व्हायचे आहे. तिचा युक्तिवाद बिनतोड आहे: आईवडिलांचीही सुंता झालेली आहे, मग ते ख्रिस्ती नाहीत काय? ती मावशीकडे नदीपलीकडे जाते, विधी होतो, जखम भरून येत नाही, आणि ती मरते. मरताना ती येशू दिसत असल्याचे सांगते आणि त्याच श्वासात आपण आता आपल्या लोकांमधील स्त्री झालो, असेही सांगते. वडिलांच्या लेखी ती घर सोडले त्या दिवशीच संपलेली असते.

हे प्रकरण वर्गात शिकवताना माझी नेहमी तारांबळ उडते, कारण विद्यार्थ्यांना येथे बाजू घेता येत नाही. शरीराला इजा करणाऱ्या आणि जीव घेणाऱ्या प्रथेचे समर्थन करता येत नाही, करूही नये. परंतु मुथोनीला ‘परंपरेची बळी’ म्हणावे तर तिने हा मार्ग वडिलांची आज्ञा मोडून, घर सोडून, स्वतःच्या निवडीने पत्करला आहे. बंडखोरीची सगळी लक्षणे तिच्यात आहेत, फक्त तिचे बंड परंपरेच्या दिशेने जाते. तिला बंदी घालणारा बाप हा परंपरेचा नव्हे, तर नव्या धर्माचा प्रतिनिधी आहे आणि तरीही त्याचा हुकूम देण्याचा थाट जुन्या कर्त्या पुरुषाचाच आहे. ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ हे शीर्षक आपण तिसऱ्या प्रकरणाला दिले आहे; मुथोनीला त्यात बसवून पाहावे, म्हणजे ते शीर्षक टिकत नाही, हे लक्षात येईल.

एक आक्षेप मात्र येथेच नोंदवला पाहिजे. मुथोनी जे बोलते, ते आपण ऐकतो. पण तिच्या मनात शिरून राहण्याची संधी कादंबरी फारशी देत नाही. तिचा मृत्यू लवकर येतो आणि मग तो वैयाकी या तरुण नायकाच्या दुविधेचे इंधन होतो. स्त्रीचे शरीर हे समाजाच्या वादाचे मैदान बनते, हे लेखकाने अचूक दाखवले आहे आणि काही प्रमाणात त्याच्याही हातून तेच घडले आहे. हे म्हटल्याने कादंबरीचा मोठेपणा कमी होत नाही.

यावरून आवाजाचा प्रश्न येतो, आणि आपल्या आराखड्यात तो कोठेही नाही. संघर्ष ‘वैयक्तिक’ आहे, हे कळण्यासाठी तो कोणाच्या तोंडून सांगितला आहे, हे पाहावेच लागते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ आले. त्यात प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती येतात. करुणा खरी आहे, पण त्या स्त्रिया बहुतांशी एखाद्या अहवालातील उदाहरणांप्रमाणे येतात आणि जातात. त्यानंतर साधारण तीन तपांनी हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली आणि एक वेगळीच गोष्ट केली: लहानपणापासूनची सगळी कहाणी यमूच्या स्वतःच्या तोंडी दिली. नवऱ्याने तिला वाचायला-लिहायला शिकवले, मुंबईत तिने मोकळ्या संसाराचे सुख चाखले आणि वैधव्य आल्यावर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन झाले. पुरुषाने लिहिलेली असूनही ही कादंबरी आतून बोलते, कारण सांगणारी यमू आणि भोगणारी यमू यांच्या वयांत अंतर आहे. लहान यमूला जे स्वाभाविक वाटले, ते आठवताना मोठ्या यमूचा आवाज किंचित कापतो. परंपरा अंगवळणी कशी पडते आणि नंतर ती टोचू कशी लागते, हे या दोन आवाजांमधील फटीत दिसते. यमूच्या दुःखाची तीव्रताही केवळ रूढीतून येत नाही. तिला मधल्या काळात दुसरे आयुष्य चाखायला मिळाले होते. दार कधी उघडलेच नसते, तर ते बंद झाल्याचा आवाज तिला इतक्या मोठ्याने ऐकू आला नसता.

उघडलेल्या दाराची ही गोष्ट त्सित्सी डांगारेम्बगा यांच्या ‘नर्व्हस कंडिशन्स’ या 1988 मधील कादंबरीत सर्वांत बारकाईने सांगितली आहे आणि मला सुचवायचे झाले, तर आपण आपल्या प्रबंधाचा कणा या कादंबरीला करावे. गोऱ्यांच्या राजवटीखालील ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, तांबू नावाची मुलगी शिकण्यासाठी स्वतः मका पिकवते, कारण घरात फी भरायची ती भावाची. भाऊ वारल्यावर त्याची जागा तिला मिळते आणि कादंबरी सुरू होते तीच आपल्याला भावाच्या मृत्यूचे दुःख झाले नाही, या कबुलीने. शिकून आलेले मोठे काका बाबामुकुरू तिला मिशनच्या शाळेत नेतात. ते उपकारकर्ते आहेत, कर्तबगार आहेत आणि तांबू त्यांना जवळजवळ देव मानते. हे लक्षात ठेवले नाही, तर पुढचा प्रसंग समजत नाही.

घरावर एकामागून एक संकटे येतात. तांबूचे वडील जुन्या रीतीने शुद्धिविधी करण्याचे सुचवतात. बाबामुकुरूंना ते पाप वाटते आणि उलट ते असे ठरवतात, की तांबूचे आईवडील चर्चमध्ये लग्न न करता राहिले, हेच संकटांचे कारण असून आता त्यांचे रीतसर लग्न लावले पाहिजे. म्हणजे इतकी मुले झालेल्या आईला नवरीचा पोशाख घालून उभे करायचे आणि मुलीने करवली व्हायचे. आपल्या आईवडिलांचे, आणि पर्यायाने आपल्या जन्माचे, हे विडंबन आहे असे तांबूला वाटते. पण काकांना तसे सांगण्याची भाषा तिच्याजवळ नाही. लग्नाच्या सकाळी तिला अंथरुणातून उठताच येत नाही. शरीर पडून राहते आणि आपण त्याच्यापासून अलग होऊन ते पाहत आहोत, असा अनुभव तिला येतो. मनाने अजून नकार उच्चारलेला नसताना शरीराने तो दिलेला असतो. नंतर तिला छड्या मिळतात, दोन आठवडे मोलकरणीची कामे करावी लागतात, आणि ती ही शिक्षा आपल्या नव्या ओळखीची किंमत म्हणून जवळजवळ समाधानाने भोगते.

या एका प्रसंगात आपल्या विषयाचे सगळे धागे आहेत. येथे लादला जाणारा विधी परदेशी आणि ‘सुधारलेला’ आहे. पण तो लादण्याचा अधिकार कुटुंबप्रमुखाला जुन्या व्यवस्थेनेच दिलेला आहे. विरोध करणारी मुलगी त्या कुटुंबप्रमुखाची ऋणी आहे. तिच्या विरोधाचे कारण परंपरेचा जाच हे नसून आईचा अपमान हे आहे, आणि त्या आईलाही तिने शिक्षणासाठी मागे सोडले आहे, ही टोचणी वेगळीच. बाबामुकुरूंची मुलगी, म्हणजे तांबूची चुलत बहीण न्याशा, काही वर्षे इंग्लंडमध्ये वाढलेली आहे. ती वडिलांशी उघड भांडते, पुढे अन्न नाकारू लागते आणि आजारी पडते. तांबू न उठून आणि न्याशा न खाऊन बोलते. ज्या समाजात मुलीने मोठ्यांपुढे तोंड उघडणे हाच गुन्हा असतो, तेथील कादंबऱ्यांत झोप, भूक, ताप, मौन यांच्या नोंदी काळजीपूर्वक वाचाव्यात. संवादांपेक्षा त्या अधिक खरे सांगतात.

आता एक उलट उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते नसेल तर आपला प्रबंध एकांगी होईल. ग्रीक नाटककार सोफोक्लीसची ‘अँटिगनी’ ही शोकात्मिका इसवी सनापूर्वी 441 च्या सुमाराची मानली जाते. राजा क्रिऑन हुकूम काढतो, की देशद्रोही ठरलेल्या तिच्या भावाचे दफन कोणी करू नये. अँटिगनी ते करते आणि त्यासाठी मृत्यू पत्करते. येथे परंपरा, म्हणजे मृताचे संस्कार करण्याचे अलिखित कर्तव्य, हे तरुणीचे शस्त्र आहे आणि नवा कायदा हा सत्तेचा. तरीही तिच्या मनात झगडा नाही, असे नाही. जिवंत कोंडण्यासाठी गुहेकडे नेले जात असताना ती आपले लग्न झाले नाही, आपण मूल वाढवले नाही, याबद्दल विलाप करते; या विलापात नियोजित वर हीमॉन याचे नाव मात्र ती एकदाही घेत नाही. आणि ती असेही म्हणते, की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी आपण हे केले नसते, कारण ती नाती पुन्हा मिळू शकतात. आईवडील गेल्यावर भाऊ मात्र पुन्हा मिळत नाही. जर्मन कवी गटे याला या ओळी इतक्या खटकल्या, की त्या प्रक्षिप्त आहेत असे एखाद्या भाषापंडिताने सिद्ध करावे, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली होती. मला मात्र त्या ओळी नाटकातील सर्वांत मानवी वाटतात. मृत्यू समोर दिसत असताना एक तरुण मुलगी आपल्या निर्णयासाठी कारण शोधत आहे आणि जे हाती लागते ते विचित्र, हिशेबी आणि अपुरे आहे.

आराखड्याविषयी व्यावहारिक सूचना एकच करते. तिन्ही प्रकरणे नायिकांवर आहेत. चौथे प्रकरण त्यांच्या शेजारी राहिलेल्या मुलींवर लिहावे. नियम पाळून सुखी होऊ पाहणारी रोसाउरा, घरात राहिलेली मुथोनीची आज्ञाधारक बहीण न्याम्बुरा, किंवा वेगळ्याच जगातील, सत्ताविसाव्या वर्षी थंड डोक्याने हिशेब करून मिस्टर कॉलिन्सची लग्नाची मागणी स्वीकारणारी, जेन ऑस्टेनच्या कादंबरीतील शार्लट ल्यूकस, यांच्याकडे समीक्षा सहसा उपेक्षेने पाहते. त्या मुलींनी नियम मान्य केला म्हणून त्यांच्या मनात झगडा नव्हता, असे गृहीत धरण्याला संहितेत आधार नसतो. अँटिगनीची बहीण इस्मिनी हिचे पाहावे. बहिणीबरोबर दफनाला जाण्याचे धैर्य तिला होत नाही. पकडल्यावर मात्र ती अपराधात आणि मरणात वाटा मागते, आणि अँटिगनी तो तिला नाकारते. पुढे क्रिऑन तिला सोडून देतो. मृत्यूकडे जाताना अँटिगनी स्वतःला राजघराण्यातील शेवटची उरलेली मुलगी म्हणवते, जणू सख्खी बहीण जिवंतच नाही. इस्मिनी जिवंत असते. त्यानंतर ती रंगमंचावर येत नाही आणि तिचे नावही कोणी घेत नाही.